सात नळ्यांचा कौल

प्रयोगशाळेत लांब टेबलं सहा होती. स्पिरिटचे दिवे तीस. त्यांतले पेटणारे एकवीस. ब्युरेटी चौतीस, त्यांतल्या नऊ गळत आणि चारांच्या तोट्या फिरतच नसत. तराजू दोन, पहिला नेहमी खरं वजन सांगे, दुसरा पंखा बंद असेल तर सांगे. पंखा एक. बेसिनं चार, पाणी येणारी दोन. विद्यार्थी अठ्ठेचाळीस. आणि या सगळ्यांवर नजर ठेवायला, कोणाच्या पायजम्यावर ॲसिड सांडलं ते पाहायला, रीडिंगं तपासायला आणि जर्नलवर सह्या करायला डेमॉन्स्ट्रेटर एक.

तो एक म्हणजे देवमन तायडे.

ही मोजदाद त्याला कोणी करायला सांगितली नव्हती. पण रसायनशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात बी.एस्सी. झालेल्या माणसाला एक खोड जडते. समोर काही दिसलं की ते नेमकं किती, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. अमरावतीच्या या कॉलेजात तो लागला तेव्हा बॅच चोवीसची होती. प्री-युनिव्हर्सिटीचा वर्ग आला आणि बॅच छत्तीसची झाली. मग गावोगावच्या लोकांनी पोरं सायन्सला घातली आणि ती अठ्ठेचाळीसची झाली. यात वाईट काही नव्हतं. देवमनला उलट आनंदच होता. काही वर्षांपूर्वी तोही असाच नव्या पायजम्यात बावरून अशाच एका बेसिनशी उभा होता. वाईट एवढंच, की मुलं दुप्पट झाली तेव्हा डेमॉन्स्ट्रेटरही दुप्पट करायचे असतात हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. पुढच्या जूनपासून बॅच साठची होणार, असं वेळापत्रक ऑफिसात टाइप होत होतं.

दिवाळीनंतर एका मुलानं पिपेट ओढता ओढता कॉस्टिक सोडा तोंडात घेतला. देवमन तेव्हा दुसऱ्या टोकाला एका गळक्या तोटीला दोरा बांधत होता. मुलगा बचावला. त्याची जीभ आठवडाभर पांढरी राहिली आणि देवमनला तितके दिवस जेवण गेलं नाही.

"एकटा रडून राहिला तर लोक म्हणतात याचं पोट दुखते," पंजाबराव त्याला म्हणाला. "सात जणं मिळून रडले तर त्याले संघटना म्हणतात."

पंजाबराव भौतिकशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर. तेल्हाऱ्याकडचा, घरची काळी कसदार शेती, आवाज असा की व्होल्टमीटरचा काटा हलावा. त्याच्या शेजारची जागा कायम रिकामी असे, तेव्हा तो दोन बॅचा एकट्यानं हाकी. जीवशास्त्राकडे ललिताबाई होत्या, बेडकाइतक्याच शांतपणे वरिष्ठांनाही उघडून पाहणाऱ्या. वनस्पतिशास्त्राकडे देवराव, कॉलेजातल्या प्रत्येक समारंभात आभारप्रदर्शन त्यांच्याकडे असे आणि ते आभार मानायला लागले की पाहुण्यांची गाडी चुके. भूगर्भशास्त्राचे नत्थुजी कोणत्याही प्रश्नाला "पाहू" एवढंच म्हणत. लाखो वर्षांचे दगड हाताळणाऱ्याला घाई नसते. एक तरुण नवा लागलेला पांडे, तो पंजाबराव म्हणेल त्याला हो म्हणे. आणि रसायनशास्त्रातच दुसऱ्या बॅचवर असणारे, देवमनचे वरिष्ठ खुशालराव. त्यांनी तीस वर्षं ब्युरेटी भरल्या होत्या आणि ते येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार होते. असे एकूण सात.

सात हा आकडा महत्त्वाचा का, ते अकोल्याच्या कचेरीत कळलं. देवमन आणि पंजाबराव तिथं संघटना नोंदवायची चौकशी करायला गेले होते. कारकुनानं विचारलं, तुम्ही कामगार का? पंजाबराव म्हणाला, हो. मग कारखाना कोणता? कॉलेज. उत्पादन काय होतं? पंजाबरावनं क्षणभर विचार करून सांगितलं, "बी.एस्सी. पास पोट्टे." कारकुनानं हे गंभीरपणे ऐकलं, दोन पुस्तकं चाळली, शेजारच्या टेबलाशी सल्लामसलत केली आणि सांगितलं की पोट्टे हे उत्पादन धरता येणार नाही, सबब तुम्ही कामगार नाही. मग त्यांचे पडलेले चेहरे पाहून त्यालाच वाईट वाटलं. त्यानं पान मागवलं आणि वाट दाखवली: कामगार नसाल तर साधं मंडळ नोंदवा. फक्त सात सज्ञान माणसांच्या सह्या लागतील. सहा चालणार नाहीत.

देवमनला त्या अनोळखी माणसाचे आभार कसे मानावेत कळेना. परतीच्या गाडीत त्याला पहिल्यांदाच वाटलं की देवराव आभारांना इतका वेळ घेतात त्यात त्यांची फारशी चूक नसावी.

अडचण अशी की सातांतले दोघे, देवमन आणि पांडे, तात्पुरते होते. दर एप्रिलमध्ये त्यांची नेमणूक संपे आणि जूनमध्ये प्राचार्यांच्या मर्जीनं पुन्हा सुरू होई. देवमनच्या घरातली पगाराची ही पहिलीच नोकरी. छप्पनच्या दसऱ्याला नागपूरहून दीक्षा घेऊन आलेले त्याचे वडील डोमाजी पोराचं नेमणूकपत्र देव्हाऱ्याच्या जागी ठेवलेल्या तसबिरीशेजारी लावून होते. सहाच सह्या झाल्या तर मंडळ व्हायचं नाही, आणि सही केलेली सहा नावं मात्र प्राचार्यांच्या टेबलावर जायची. जूनमध्ये कोणाला बोलावणं यायचं नाही, हे सांगायला गणित लागत नव्हतं.

म्हणून खुशालरावांनी सुचवलं, आधी गुप्त कौल घ्या. सातही जणांचं हो असेल तरच सह्या. एकही नाही निघालं तर विषय संपला. कोण हो म्हणालं होतं ते कोणालाच कळणार नाही.

ही बातमी देवमनच्या बिऱ्हाडापर्यंत कशी पोचली कोण जाणे. तो अंबापेठेत मनकर्णाबाईंच्या माडीवर राही. त्या महानुभाव पंथाच्या, दर पौर्णिमेला रिद्धपूरला जाऊन येणाऱ्या विधवा बाई. खोली देताना त्यांनी त्याची जात विचारली नव्हती, मांस शिजवणार का एवढंच विचारलं होतं. त्यांनी सांगितलं की बापू, जे करशील ते खरं कर, म्हणजे दोनदा करावं लागत नाही. शेजारच्या पेन्शनरांनी सुचवलं की संघटनेला प्राचार्यांचंच नाव द्या, मग ते मोडतील कसे? समोरच्या केशरबाईंचं म्हणणं, आधी लग्न कर; बायकोवाल्याला सहसा काढत नाहीत. देवमननं सगळ्यांचे आभार मानले. त्यांतला एक सल्ला चांगला होता हे त्याला पुढं कळलं.

कौल चिठ्ठ्यांवर घ्यायचा तर वेगळीच पंचाईत. वर्षानुवर्षं एकमेकांच्या बॅचची जर्नलं तपासून सातही जण एकमेकांचं अक्षर झोपेत ओळखत. फुली मारली तरी ती कोणाची हे कळलं असतं. नत्थुजींची फुली खडकासारखी डावीकडे कललेली असे. तेव्हा देवमनच्या डोक्यात कल्पना आली, आणि ती शास्त्रशुद्ध असल्यामुळे त्याला तिचा फार अभिमान वाटला.

प्रत्येकाला एक परीक्षानळी द्यायची, अर्धी डिस्टिल्ड वॉटरनं भरलेली. कपाटाआड दोन बाटल्या: 'हो'च्या बाटलीत धुण्याच्या सोड्याचं पाणी, 'नाही'च्या बाटलीत नुसतं डिस्टिल्ड. दोन्ही दिसायला सारखीच. ज्यानं त्यानं एकटं आत जाऊन हवं ते चार थेंब टाकायचं आणि नळी स्टँडवर ठेवायची. मग देवमन प्रत्येक नळीत फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकणार. सोडा असेल तिथं पाणी गुलाबी. नसेल तिथं जसंच्या तसं.

पहिला कौल कॉलेज सुटल्यावर प्रयोगशाळेत झाला. पाच नळ्या गुलाबी झाल्या. एक पाण्यासारखीच राहिली. आणि एक इतकी फिकी गुलाबी, की पंजाबराव म्हणाला गुलाबी आहे आणि ललिताबाई म्हणाल्या खिडकीतलं ऊन आहे.

यावर झालेला वाद कॉलेजच्या इतिहासात नोंद व्हावा असा होता. फिकं हो म्हणजे हो की नाही? देवमननं निकाल दिला. टायट्रेशनमध्ये नेमका बिंदू ओळखायचा तो फिकट, टिकणाऱ्या गुलाबीवरच. गडद झालं म्हणजे जास्त पडलं. तेव्हा शास्त्राच्या दृष्टीनं फिका गुलाबी हाच सर्वांत अचूक होकार. हे सगळ्यांना पटलं. रसायनशास्त्राबाहेरच्यांना तर जास्तच. तरी एक नळी कोरी होतीच. पण देवमन खचला नाही. टायट्रेशनचं पहिलं रीडिंग हे अंदाजाचं असतं आणि धरायचं नसतं, हे त्यानं मुलांना शेकडो वेळा सांगितलं होतं. पहिला कौल त्यानं अंदाजाचा ठरवला. देवरावांनी तेवढ्यात आभार मानले. संघटना झालेली नव्हती, पण तिचा आभाराचा ठराव मंजूर झाला होता.

दुसऱ्याच दिवशी प्राचार्यांनी देवमनला बोलावलं. वाईट माणूस नव्हता तो. खालून मुलं आणि वरून संचालक मंडळ यांच्यात चेपलेला होता. ते म्हणाले, "तायडे, प्रयोगशाळेत तुम्ही माणसांची परीक्षा घेता असं ऐकलं. एप्रिलमध्ये मीही घेणार आहे." एवढंच. देवमन बाहेर आला तेव्हा आपण कपडे न घालताच आत गेलो होतो असं त्याला वाटत होतं.

म्हणून दुसरा कौल गावाबाहेर घ्यायचं ठरलं. पंजाबरावच्या शेतावर हुरडा होता. रविवारी सगळ्यांनी तेल्हाऱ्याकडे जायचं, खायचं, आणि भिंतींना कान नाहीत अशा जागी कौल घ्यायचा. ललिताबाईंना सोबत म्हणून मनकर्णाबाई निघाल्या. देवमननं परीक्षानळ्या रुमालात गुंडाळल्या, सोडा घेतला आणि डिस्टिल्ड वॉटरची मोठी काचेची बाटली मांडीवर धरून एस.टी.त बसला. चार तास त्यानं ती तान्ह्या पोरासारखी सांभाळली.

पंजाबरावचं घर खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि चहाला मिठाची चव येते. गोडं पाणी बैलगाडीनं लांबून आणावं लागतं आणि पाहुण्याला गुळाआधी ते विचारतात. पंजाबरावची आई गोदाबाई. तिनं मनकर्णाबाईंच्या दंडवताला दंडवत घातला, प्रत्येकाची आईबापांसकट चौकशी केली आणि ओसरीवरची जड बाटली पाहून म्हणाली, "पोरं पाणीही संगं घेऊन आले. किती समजदार."

शेतावर कोवळी ज्वारी भाजली जात होती. शेंगदाण्याची चटणी होती, वांग्याचं भरीत होतं. खाऊन सगळे सुस्त झाले तेव्हा गोदाबाईनं चहा पाठवला. असा चहा त्या घरात कोणी प्यायला नव्हता. पंजाबरावच्या चुलतभावांनी दुसऱ्यांदा मागितला. वाड्यातली गडीमाणसं कप घेऊन आली. देवमन दोन कप प्यायला. खुशालराव कपात बराच वेळ पाहत राहिले आणि त्यांनीही आणखी एक मागितला.

मग कापसाच्या गंजीआड दुसरा कौल झाला. बाटलीतलं पाणी नळ्यांत भरलं, त्याचंच 'नाही'चं पाणी केलं, त्यातच सोडा कालवून 'हो'चं. सात जण एकेक करून गंजीआड गेले. देवमननं थेंब टाकायला सुरुवात केली. पहिली गुलाबी. दुसरी गुलाबी. पाचवीपर्यंत सगळ्या गडद. सहावी फिकी, सातवी फिकी. पण फिक्याचा निकाल आधीच लागलेला होता, उलट त्याच सर्वांत अचूक. सात.

पंजाबरावनं खुशालरावांना उचललं. पांडेनं गंजीवर उडी मारली. नत्थुजींना कोणीतरी मिठी मारली आणि त्यांनी ती पाहू म्हणत सहन केली. देवरावांनी गोदाबाईंचे, बैलांचे, ज्वारीच्या कणसांचे आणि सूर्याचे आभार मानले, तोवर तो मावळायला आला. परतताना सगळे एस.टी.त गात होते. सोमवारी कॉलेज सुटल्यावर अर्जावर सह्या करायच्या होत्या.

सोमवारी दुपारी देवमन तराजूच्या खोलीत काचसामान आवरत होता. बाटलीत उरलेलं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून त्यानं ते फिनॉल्फ्थॅलिनच्या फ्लास्कमध्ये ओतून खळबळलं.

पाणी गुलाबी झालं.

त्यानं दुसरा फ्लास्क घेऊन त्यात थेंब टाकला. गुलाबी. तिसरा, नवाकोरा, स्वतः धुतलेला, त्यातही एकच थेंब. गुलाबी. त्याला आयुष्यात इतकी एकसारखी तीन रीडिंगं कधी मिळाली नव्हती.

तो धावत पंजाबरावकडे गेला. पंजाबराव आधी ऐकत राहिला, मग स्टुलावर बसला, मग हसता हसता स्टुलावरून उतरला. "अरे, तो चहा. बुढीनं तुह्या बाटलीचा चहा केला. निघताना मले सांगत होती, म्हणे एवढ्या दूर गोडं पाणी आणलं पोरानं, त्याले काय गंजीवर शिंपडाले आणलं? अन रिकामी बाटली पाहुण्याले कशी परत द्यावी, म्हणून आमच्या विहिरीचं भरून ठेवलं."

म्हणजे नळ्यांत मुळातच सोडा मुरलेलं खारं पाणी होतं, आणि ते पाणीच हो म्हणत होतं. कोणी काहीही टाकलं असतं तरी सातही नळ्या गुलाबी झाल्या असत्या. कोऱ्या पाण्याची नळी आधी तपासून घ्या, हे देवमन पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या तासाला शिकवी.

लाजेनं त्याचे कान तापले. पण तराजूच्या खोलीकडे परत जाताना त्याच्या मनात लाजेच्या शेजारीच दुसरं काही उभं राहिलं. त्या पट्ट्यातल्याच आपल्या गावी डोमाजींनी जन्मभर विहिरीपासून लांब उभं राहून ओंजळीत पाणी घेतलं होतं. आणि त्याच पट्ट्यातल्या एका म्हातारीनं त्यांच्या पोरानं मांडीवर आणलेलं पाणी घरच्या पातेल्यात ओतलं, स्वतः प्यायली, गड्यांना पाजलं, आणि बाटली रिकामी परत जाऊ नये याची काळजी केली. बाटली कोणाची, हे तिला ठाऊक होतं.

"चूप बस," पंजाबराव मागून म्हणाला. "सह्या होऊ दे. सगळ्याइले वाटते सातही हो हायेत. वाटते तेवढंच पुरे."

खोलीत खुशालराव उभे होते. समोर तिन्ही फ्लास्क.

"मला चहावरूनच कळलं होतं," ते म्हणाले. "खाऱ्या पट्ट्यात तसा चहा होत नाही."

देवमननं विचारलं की मग तुम्ही बोलला का नाहीत.

"दोन फिक्या नळ्यांतली एक माझी होती. मी 'नाही'चं टाकलं होतं, पहिल्यांदाही आणि तेल्हाऱ्यालाही. मार्चमध्ये जायचं, फंडाच्या कागदावर प्राचार्यांची सही लागते. निघता निघता भांडण कशाला. पण नळी गुलाबी झाली आन त्या पंजाबनं मले उचललं. तीस वर्षांत इथं मले कोणी उचललं नव्हतं, देवमन. म्हटलं, राहू दे. खोटा का होईना, सातांत आहे." त्यांनी फ्लास्क उजेडात धरला. "आता तू चूप राहिलास तर मी सगळ्यांच्या संगं सही करीन. मला तेच सोपं आहे. तुझं तू पाहा."

एप्रिल दोन-तीन महिन्यांवर होता. बाहेर खुर्च्या ओढल्याचा आवाज आला. देवमननं तिन्ही फ्लास्क उचलले आणि बाहेर टेबलावर, अर्जाशेजारी ठेवले.

त्यानं जे घडलं ते क्रमानं सांगितलं, प्रयोगाच्या जर्नलमध्ये लिहितात तसं: साहित्य, कृती, निरीक्षण, चूक. खुशालरावांचं नाव त्यात आलं नाही. तो म्हणाला की तेल्हाऱ्याचा कौल धरता येत नाही, कोणीही त्यावरून सही करू नये, आणि ही चूक एकट्या त्याची आहे.

पंजाबराव कपाळाला हात लावून होता. मग ललिताबाई उठल्या, कपाटाकडे गेल्या आणि ताज्या डिस्टिल्डची बाटली त्यांनी स्वतःच्या हातानं सील तोडून उघडली. म्हणाल्या, "आठ नळ्या घ्या. आठवीत काही टाकायचं नाही."

नत्थुजी देवमनकडे बघत होते. ते खुर्चीतून उठले, रांगेत सगळ्यांच्या पुढं जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पाहिलं."

सगळ्यांत शेवटी खुशालराव कपाटाआड गेले. आत ते बराच वेळ होते. बाटलीचं बूच पडल्याचा आवाज आला, मग ओतल्याचा. चार थेंबांचा नव्हे. देवराव आभारांसाठी उभे राहिले होते, त्यांना पांडेनं कोटाला धरून खाली बसवलं. नळ्या स्टँडवर आल्या. देवमननं ड्रॉपर घेतला. मनकर्णाबाईंचा सल्ला मनात म्हणून तो एकेका नळीत एकेक थेंब टाकत गेला.

आठवी नळी, कोरी: रंग नाही.

पहिली ते सहावी: गुलाबी.

सातवी: गडद गुलाबी.